ठेवा की ठेव? : गांडीवाचा धडा

(स्वाध्यायासाठी आधार : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२, ६३ व ७१, अध्याय ३, श्लोक १२, अध्याय १८, श्लोक १३ ते १६ व २३ ते २६)

विषयप्रवेश

नेमबाजाच्या हातातील बंदूक ही त्याच्या दृष्टीने काय असते? कोणी म्हणेल, सुताराची पटाशी तशी नेमबाजाची बंदूक. काम झाले की पुसून जागेवर ठेवावी, एवढाच तिचा संबंध. दुसरा म्हणेल, जिच्यावर हात बसला, जिने पहिला नेम साधून दिला, किंवा जी आजोबांकडून वडिलांकडे व वडिलांकडून आपल्याकडे आली, ती केवळ लोखंड व लाकूड कशी म्हणावी? ती तर घराण्याचा ठेवा होय. दोन्ही उत्तरे अनुभवातून आलेली आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. परंतु दोहोंपैकी एकही पुरे पडत नाही, हे थोड्या विचाराने ध्यानात येईल.

गीतेच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. गीतेचा श्रोता स्वतःच धनुर्धर आहे. पहिल्या अध्यायाच्या तिसाव्या श्लोकात गांडीव त्याच्या हातातून गळू लागते. सत्तेचाळिसाव्या श्लोकात तो धनुष्यबाण टाकून रथात बसतो. आणि अठराव्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या श्लोकात संजय त्याचा उल्लेख पुन्हा धनुर्धर म्हणून करतो. या दोन टोकांच्या मध्ये धनुष्यात तिळभरही फरक पडलेला नाही. बदलला तो धनुष्य धरणारा. भगवंतांनी अर्जुनाला गांडीवावर प्रेम करावयास सांगितले नाही आणि ते कायमचे टाकून द्यावयासही सांगितले नाही. मग शस्त्राशी, किंबहुना प्रपंचातील कोणत्याही उपकरणाशी, मनुष्याचा योग्य संबंध कोणता? प्रस्तुत पाठाचा हाच विषय आहे.

कर्माची पाच कारणे

अठराव्या अध्यायात भगवंतांनी प्रत्येक कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे इंद्रिये, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. या पाचांचा मेळ बसला म्हणजे कर्म घडते. आणि असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याची बुद्धी संस्कारहीन होय, असा सोळाव्या श्लोकाचा अभिप्राय आहे.

नेमबाजीच्या क्रीडेत हा सिद्धान्त डोळ्यांनी पाहता येतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाच्या स्पर्धेत लक्ष्य १० मीटरवर असते. त्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आणि छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा. चाप ओढावयास किमान ५०० ग्रॅमचा भार लागेल, असे पिस्तूल असावे असा नियम आहे. मूठ लाकडाची असते आणि ती कानशीने घासून त्या एका नेमबाजाच्या तळहाताला जुळवून घेतलेली असते. देह स्थिर हवा, श्वास आवरलेला हवा, दृष्टी माशीवर स्थिर हवी, बोट सावकाश मागे यावे. इतके सारे जुळूनही उरलेला अंश दैवाचा. अशा वेळी 'मी मारले' म्हणणे जितके अपुरे, तितकेच 'या पिस्तुलानेच यश दिले' म्हणणेही अपुरे. बंदूक ही करणाचेही करण, म्हणजे उपकरण आहे. ती पाचांपैकी एका कारणाच्या सेवेला राहते. स्वतः कारणांचा राजा होत नाही.

हातासारखे प्रत्यक्ष करणही अपरिहार्य नसते, याचा एक दाखला क्रीडेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हंगेरीच्या सैन्यातील कारोली टाकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला. ज्या हाताने तो पिस्तूल चालवी, तोच गेला. त्याने डाव्या हाताने नव्याने अभ्यास आरंभिला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जलदगती पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. करण गेले, धृती व उत्साह राहिले. सात्त्विक कर्त्याचे वर्णन करताना सव्विसाव्या श्लोकात आसक्तीचा व अहंकाराचा अभाव सांगून लगेच याच दोन गुणांचा निर्देश केलेला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

काळजी वेगळी, ममता वेगळी

येथे एक शंका उद्भवते. उपकरणाला उपकरणच मानावयाचे, तर त्याची इतकी निगा कशाला? याचे उत्तर गुणांच्या भेदात आहे.

एका घरात बंदूक कोपऱ्यात उभी असते. नळीत गंज, आत कदाचित काडतूस, आणि घरात मुले खेळत असतात. विचारले तर धनी म्हणतो, 'त्या वस्तूचा मला मोह नाही.' हा निर्मोह नव्हे, प्रमाद होय. परिणाम व हिंसा यांचा विचार न करता केलेल्या कर्माला पंचविसाव्या श्लोकात तामस म्हटले आहे.

दुसऱ्या घरात बंदूक बैठकीच्या भिंतीवर झळकत असते. पाहुणा आला की ती काढून दाखविली जाते. तिची किंमत, तिचा वंश, तिने टिपलेल्या शिकारी यांचे वर्णन होते. आणि लग्नाच्या वरातीत तिचा आवाज काढल्यावाचून यजमानाला चैन पडत नाही. येथे निगा पुष्कळ आहे, परंतु ती वस्तूची नसून 'माझी' या शब्दाची आहे. हा राजस संबंध.

तिसरा नेमबाज काम होताच बंदूक रिकामी करतो, ती रिकामी असल्याची पुनः खात्री करतो, नळी स्वच्छ करून तेलाचा हात देतो, शस्त्र कुलपात व काडतुसे निराळ्या जागी ठेवतो. रिकाम्या बंदुकीलाही तो भरलेलीच मानतो, जे लक्ष्य नाही त्याच्याकडे नळी वळवीत नाही आणि नेम धरीपर्यंत चापावर बोट ठेवीत नाही. त्याची निगा दुसऱ्याहून रतिभर कमी नाही. परंतु ती निगा कर्माचे अंग म्हणून केलेली असते. हा सात्त्विक संबंध होय.

दुसऱ्याच्या व तिसऱ्याच्या हातातील फडके आणि तेल सारखेच असते, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला भेद कळत नाही. पुष्कळदा खुद्द करणाऱ्यालाही कळत नाही. तो कळण्याचे तीन प्रसंग आहेत : वस्तूचा अपमान होतो तेव्हा, वस्तू काम देत नाही तेव्हा, आणि वस्तू परत मागितली जाते तेव्हा. महाभारतात गांडीवाच्या बाबतीत हे तिन्ही प्रसंग आलेले आहेत.

पहिली कसोटी : अपमान

युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी जर्जर झालेले धर्मराज शिबिरात परतले होते. त्यांच्या समाचारासाठी श्रीकृष्ण व अर्जुन आले, तेव्हा कर्णाला मारूनच ते आले असावेत असे धर्मराजांना वाटले. तसे झाले नाही हे कळताच वेदनेच्या भरात त्यांनी अर्जुनाची निर्भर्त्सना केली आणि गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक, असे ते बोलून गेले. अर्जुनाचा हात तत्काळ खड्गाकडे गेला. भगवंतांनी विचारले, येथे तर कोणी शत्रू नाही, मग खड्ग कोणासाठी? अर्जुनाने सांगितले, गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, असे आपले गुप्त व्रत आहे.

ज्याने गीता प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकली, तोच पुरुष अवघ्या सोळा दिवसांनी एका धनुष्याच्या मानापायी पितृतुल्य वडील बंधूवर शस्त्र उपसतो! दुसऱ्या अध्यायाच्या बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या श्लोकांत सांगितलेली साखळी येथे कडी न् कडी दिसते. विषयाच्या चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, आणि मग बुद्धिनाश. समोर कोण उभा आहे याचीही स्मृती राहिली नाही. पुढे अश्वमेधपर्वात अर्जुन स्वतःच कबूल करतो की रणांगणावर ऐकलेला उपदेश आपण विसरलो. आणि त्या निमित्ताने अनुगीता सांगितली जाते.

श्रीकृष्णांनी त्या क्षणी धर्माची सूक्ष्मता समजावून अनर्थ टाळला. वडिलांना एकेरी संबोधून अपमानिणे हाच त्यांचा वध होय, असा मार्ग त्यांनी दाखविला. प्राण वाचले, परंतु वस्तूला प्राणाहून थोर मानण्याचे व्रत घेतले की मनुष्य कोठवर जातो, हे त्या प्रसंगाने कायमचे सांगून ठेवले. आजही वरातीत, जत्रेत, बांधावरच्या भांडणात 'माझ्या बंदुकीला नाव ठेवलेस?' एवढ्यावरून जे रक्त सांडते, त्याचे मूळ याच साखळीत आहे.

दुसरी कसोटी : बिघाड

श्रीकृष्णांच्या निर्याणानंतर द्वारकेतील स्त्रिया व बालके यांना घेऊन अर्जुन निघाला असता वाटेत आभीरांनी काठ्या घेऊन हल्ला केला. त्या वेळी गांडीवाला प्रत्यंचा चढविणेही त्याला कष्टाचे झाले. दिव्य अस्त्रे आठवेनात. कधीच न संपणारे म्हणून ख्यात असलेले भातेही रिते झाले. अखेर धनुष्याच्या टोकांनी प्रहार करण्याची पाळी आली. खचलेल्या अर्जुनाला भगवान व्यासांनी सांगितले की अस्त्रांचे कार्य पूर्ण झाले, म्हणून ती आली तशी परत गेली. उपकरणाचे सामर्थ्य त्याच्या कार्यापुरते असते, हा त्यातील बोध.

या कसोटीचे एक अलीकडचे उदाहरण मनन करण्याजोगे आहे. २०२१ मध्ये टोकियोला झालेल्या ऑलिंपिकमध्ये हरियाणाची मनू भाकर १० मीटर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत उतरली होती. ७५ मिनिटांत ६० नेम मारावयाचे होते. स्पर्धा चालू असता पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत अमोल मिनिटे गेली. परतल्यावर तिने ५७५ गुणांपर्यंत मजल मारली, पण बाराव्या स्थानावर राहिल्याने अंतिम फेरी हुकली. वर्षानुवर्षे ज्या उपकरणावर हात बसविला, त्यानेच ऐन वेळी साथ सोडली. बंदूक हेच ज्याचे सर्वस्व, तो अशा वेळी एकतर वस्तूवर रुष्ट होतो किंवा स्वतःवर.

तिने अभ्यास सोडला नाही. २८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याच क्रीडाप्रकारात २२१.७ गुण मिळवून तिने कांस्यपदक पटकाविले. केवळ एका दशांश गुणाने ती त्या टप्प्यावर पुढच्या प्रतिस्पर्धिणीच्या मागे राहिली. दोनच दिवसांनी सरबजोत सिंग याच्यासह मिश्र सांघिक प्रकारात तिला दुसरे कांस्यपदक मिळाले. पहिल्या पदकानंतर तिने सांगितले की आपण गीता पुष्कळ वाचली आहे, आणि अखेरच्या नेमाच्या वेळी मनात एवढेच होते की आपले कर्म करावे व जे व्हावयाचे ते होऊ द्यावे. टोकियोत पाचव्या कारणाने, म्हणजे दैवाने, हात आखडता घेतला होता. पॅरिसमध्ये त्याने साथ दिली. दोन्ही वेळी तिच्या हाती होती ती केवळ चेष्टा. हे ज्याला कळले, त्याला बिघाडाने खिन्नता येईल, परंतु त्याचा कणा मोडणार नाही.

तिसरी कसोटी : परत मागणी

सर्वांत कठीण कसोटी शेवटची. पांडव महाप्रस्थानाला निघाले. राज्य सोडले, अलंकार उतरविले, वल्कले नेसली. तरीही अर्जुनाच्या खांद्यावर गांडीव व दोन भाते होतेच. महाभारतकार त्याचे कारण स्पष्टपणे सांगतात : त्या रत्नाचा लोभ सुटला नव्हता. युद्ध कधीच संपले होते, धनुष्याची शक्तीही ओसरली होती. तरी ते सुटेना. पूर्वेकडील लौहित्य सागराच्या तीरावर अग्नी पर्वतासारखा वाट अडवून उभा राहिला. खांडववनाच्या प्रसंगी आपणच हे धनुष्य वरुणाकडून मागून आणून दिले होते. आता ते वरुणाला परत जावे, असे त्याने सांगितले. भावांनीही आग्रह केला, तेव्हा कोठे अर्जुनाने ते पाण्यात सोडले.

येथे साऱ्या पाठाचे मर्म सापडते. गांडीव अर्जुनाने घडविले नव्हते, विकतही घेतले नव्हते. ते वरुणाचे होते. अग्नीच्या मध्यस्थीने एका कार्यासाठी हाती आले होते. अर्जुन आयुष्यभर त्याला ठेवा समजला. वास्तविक ती ठेव होती. या दोन शब्दांत एका मात्रेचे अंतर आहे, पण भाव अगदी निराळा. ठेवा आपला असतो, म्हणून तो हरविण्याचे भय असते. ठेव दुसऱ्याची असते. म्हणून तिची निगा आपल्या वस्तूहूनही अधिक राखावी लागते, आणि धनी दारी आला की ती हसतमुखाने परत करावी लागते. देवांनी दिलेले भोग त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो तो चोर होय, या तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकातील कठोर शब्दाचा अर्थही येथे उलगडतो.

अशी मागणी गृहस्थाच्या दारीही येते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन सामान्य परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. वारशाने आलेली शस्त्रेही त्यातच धरली जातात. मूळ विधेयकात तर ही संख्या एकच होती. अधिकचे शस्त्र पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास एक वर्षाची मुदत होती. ज्या घरी आजोबांची एक, वडिलांची एक आणि स्वतःची एक अशा तीन बंदुका होत्या, तेथे कोणती द्यावयाची या विचाराने काळीज हलले असेल, यात नवल नाही. ते हलणे हा दोष नव्हे. अर्जुनाचेही हलले होते. परंतु त्या दिवशी वस्तू लपविणारा एक, देऊन जन्मभर झुरणारा दुसरा, आणि आजोबांचे शौर्य बंदुकीत नव्हते हे ओळखून ती देणारा तिसरा, या तिघांच्या मनःस्थितीत केवढे अंतर! दुसऱ्या अध्यायाच्या एकाहत्तराव्या श्लोकात शांतीचा अधिकारी म्हणून निर्मम व निरहंकार पुरुष सांगितला आहे, तो हा तिसरा.

मग आयुधपूजा कशासाठी?

कोणी विचारील, शस्त्र जर केवळ ठेव, तर शास्त्राने व लोकाचाराने त्याची पूजा का सांगितली? महाराष्ट्रात खंडेनवमीला, दक्षिणेत आयुधपूजेच्या दिवशी शस्त्रे, अवजारे, यंत्रे, ग्रंथ यांची पूजा होते. कर्नाटकातील कोडगू प्रांतात तर बंदूक घराघरांत आहे. कोडव लोकांना तेथे परवान्यावाचून ती बाळगण्याची सूट ब्रिटिश काळापासून चालत आलेली असून केंद्र शासनाने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी चालू ठेवली. भाताची लावणी संपली की तेथे कैलपोद हा सण येतो. बंदुका स्वच्छ करून देवघरात मांडतात, कळलावीच्या लालपिवळ्या फुलांनी सजवून त्यांची पूजा करतात, आणि नंतर उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा होतात.

या आचाराचा क्रम पाहावा. शस्त्र आधी देवापुढे ठेवावयाचे, आणि मग देवापुढून उचलावयाचे. देवापुढे ठेवलेली वस्तू आपली राहत नाही. उचलली तर ती प्रसाद म्हणूनच. म्हणजे पूजा ही ममता वाढविण्यासाठी नसून दरवर्षी ती एकदा सोडविण्यासाठी आहे. ज्याने खंडेनवमीला शस्त्र देवाचे म्हणून पूजिले आणि आठ दिवसांनी वरातीत आकाशात गोळी झाडली, त्याने पूजा केली पण तिचा अर्थ टाकला. आकाशात गेलेली गोळी खाली येतेच; ती कोणाच्या अंगणात येईल हे झाडणारा जाणत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायद्याने जे भयाने साधावयाचे, ते गीतेने विवेकाने साधावयास सांगितले आहे.

विराटनगरीच्या वेशीवर शमीच्या झाडात पांडवांनी शस्त्रे ठेवली, तेव्हा गांडीव वर्षभर अर्जुनापासून दूर होते. तो बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवीत होता. त्या वर्षभरात अर्जुनाचे अर्जुनत्व काही उणे झाले नाही, आणि वेळ येताच शमीवरचे धनुष्य उतरवून त्याने कौरवांची सेना परतविली. शस्त्र दूर असता जो पुरा राहतो, त्याच्याच हाती शस्त्र शोभते.

उपसंहार

बहुसंख्य वाचकांच्या घरी बंदूक नसेल. परंतु कोणाच्या घरी शिवणयंत्र असेल, कोणाकडे तंबोरा, कोणाकडे वाहन, कोणाकडे वडिलांची लेखणी. प्रश्न तोच राहतो. निष्काळजीपणा म्हणजे वैराग्य नव्हे, आणि निगा म्हणजे आसक्ती नव्हे. जे हाती आले ते कोणाचे, कशासाठी आणि कोठवर, एवढे ओळखून वापरावे. वापरताना त्याला मातीमोल करू नये आणि देताना स्वतःचा जीव त्यात अडकवू नये. अर्जुनाला हे गांडीव सोडताना, आयुष्याच्या अगदी शेवटी उमगले. गृहस्थाला ते हाती वस्तू असतानाच उमगावे, यासाठीच हा स्वाध्याय आहे.

मननासाठी प्रश्न

१. घरातील कोणत्या वस्तूविषयी कोणी उणा शब्द काढल्यास मनाला क्रोध येतो? तो क्रोध वस्तूसाठी असतो की 'माझी' या भावासाठी?

२. नित्याचे उपकरण ऐन वेळी बिघडले असता कर्माच्या पाच कारणांपैकी कोणती आपल्या हाती उरतात?

३. ज्या वस्तूचे कार्य संपले आहे, पण जी सुटत नाही, अशी कोणती वस्तू घरी आहे? तिचा खरा धनी कोण?

४. घरात शस्त्र असल्यास ते रिकामे, कुलपात व मुलांच्या हाताबाहेर आहे काय? नसल्यास हा पाठ मिटण्यापूर्वी ते काम करावे.